शोक ओसरतो कसा?

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमच्या खानदेशात घरोघरी घागर भरतात. जळगाव असो, धुळे असो, मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर लहानसे भांडे ठेवायचे, त्यावर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवायच्या, आणि घरातून गेलेल्या एकेकाचे नाव घेऊन कुंकवाचे बोट लावायचे. आजोबांचे नाव, पणजीचे नाव. ज्या घरात मागच्या वर्षभरात मृत्यू झालेला असतो त्या घरी त्या दिवशी गेलात तर तुमच्या ध्यानात येईल की एक नाव घेताना घरच्या माणसांचा आवाज अडखळतो. मग जेवणे होतात. आमरस असतो, पुरणपोळी असते. दुपारी माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. एकाच दिवसात रडणेही होते आणि झोकाही होतो.

२०२० साली आखाजी २६ एप्रिलला आली, २०२१ साली १४ मेला. दोन्ही वर्षी महाराष्ट्रात कोविडचे निर्बंध होते. माहेरवाशिणी येऊ शकल्या नाहीत. त्याहून वाईट म्हणजे अनेक घरांत जे नाव घ्यायचे होते त्या माणसाचे तोंडही शेवटी पाहता आले नव्हते. २०२० च्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्यातील कोविडच्या मृत्यूंचे प्रमाण देशभर काळजीचा विषय झाले होते. दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, धुळे-जळगावच्या खेड्यांतूनही माणसे गेली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि पुष्कळ वेळा तितकीही जमली नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे भारतात या साथीने ५ लाख ३० हजारांहून अधिक माणसे मरण पावली. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे, आणि भारत सरकारला तो मान्य नाही. आकडा कोणताही धरला तरी एक गोष्ट उरते. त्यांतील प्रत्येकाच्या मागे आई, भाऊ, मुले अशी पाच-सात माणसे राहिली.

या मागे राहिलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपण या लेखात पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा विज्ञानाचा विषय आहे काय? आहे. जखम झाली की रक्त कसे गोठते, खपली कशी धरते, नवी त्वचा कशी येते हे तुम्ही शिकला आहात. शोकालाही काही रीत असते. ती जखमेइतकी ठरीव नाही, आणि तिच्याविषयी पुष्कळ खोट्या समजुतीही आहेत.

आधी शरीरात काय घडते ते पाहू.

अचानक वाईट बातमी आली की माणूस मटकन खाली बसतो, तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडते, हातपाय गार पडतात. मेंदूच्या आतल्या भागात दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पुंजका असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. संकटाची वर्दी देणे हे त्याचे एक काम. ही वर्दी मिळताच मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येते. हृदय जलद चालते, पचनाचे काम मंदावते. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि ते रक्तातील साखर वाढवून शरीराला लांबच्या धावपळीसाठी तयार ठेवते. समोर वाघ असता तर ही सारी तयारी कामाला आली असती. पण इथे धावायचे कुठे? बातमी तर येऊन गेलेली असते. तयारी मात्र होतच राहते. म्हणून शोकात असलेल्या माणसाला झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, आणि काही न करताही तो थकून जातो.

'दुःखाने काळीज फाटले' असे आपण म्हणतो. हा निव्वळ अलंकार आहे असे डॉक्टरही पुष्कळ वर्षे समजत. १९९० साली जपानमधील डॉक्टरांनी एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. अत्यंत दुःखाचा किंवा भीतीचा धक्का बसलेल्या काही रुग्णांच्या छातीत हृदयविकाराच्या झटक्यासारखीच कळ येत होती, पण तपासल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आढळत. बिघाड होता तो हृदयाच्या डाव्या जवनिकेत. तिचे टोक फुग्यासारखे फुगून राहिलेले आणि मान मात्र अरुंद, असा तिचा आकार होई. जपानात ऑक्टोपस पकडायला अशाच आकाराचे मडके वापरतात. त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात, आणि तेच नाव या विकाराला पडले. २००४ साली जपानच्या निगाता भागात भूकंप झाला तेव्हा असे रुग्ण एकाएकी वाढले. हा विकार बहुधा उतारवयाच्या स्त्रियांना होतो आणि बहुतेकींचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तरीही सुरुवातीला धोका असतोच. तेव्हा अंत्ययात्रेच्या घरी एखाद्या आजीने छातीत दुखते असे म्हटले, तर 'दुःखाने होतंय, पाणी द्या' एवढ्यावर थांबू नये. दवाखान्यात न्यावे.

एक लहानसा प्रयोग करून पाहा. पाच मिनिटे स्वस्थ बसा. मनगटावरील नाडी एक मिनिट मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आता तीन मिनिटे असा श्वास घ्या की मनात चार आकडे मोजेपर्यंत आत, आणि सहा आकडे मोजेपर्यंत बाहेर. श्वास ओढून धरू नका. पुन्हा नाडी मोजा. वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडा. बहुतेकांची नाडी थोडी मंद झालेली दिसेल, काहींची होणार नाही, तीही नोंद ठेवा. बोट नाडीवर ठेवून सावकाश श्वास घेतलात तर आणखी एक गंमत कळेल. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंद. मेंदूतून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नावाची चेता श्वास सोडताना हृदयाला अधिक लगाम घालते. सुस्कारा टाकला की बरे वाटते, त्यात या लगामाचाही हात असावा. अर्थात लांब श्वासाने शोक नाहीसा होत नाही. धडधड थोडी कमी होते, इतकेच.

सुस्काऱ्यावरून आठवले. शोकाचा पहिला काळजीपूर्वक अभ्यास ज्या घटनेनंतर झाला ती घटना अमेरिकेतील बोस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९४२ रोजी घडली. कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणुकीच्या ठिकाणी आग लागली आणि ४९२ माणसे मेली. त्या शहरातील एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने वाचलेल्यांची आणि मृतांच्या नातेवाइकांची बारकाईने पाहणी केली. १९४४ साली त्याने लिहिलेला लेख आजही वाचतात. त्याला दिसले ते असे की शोक सलग नसतो, तो लाटांनी येतो. वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत एक लाट टिकते. घसा आवळतो, सुस्कारे येतात, पोटात पोकळी वाटते, अंगातले बळ जाते. लाट ओसरते. मग कोणीतरी नाव काढते, भेटायला येते, आणि पुन्हा लाट येते. आणखी एक गोष्ट त्याने नोंदली. मागे राहिलेली माणसे स्वतःला दोष देतात. 'मी लवकर नेले असते तर', 'मी त्या दिवशी भांडलो नसतो तर'. ज्यांचा काडीचाही दोष नाही तीही असे म्हणतात.

कोविडमध्ये हा दोष घेणे फार झाले. साथ माणसाकडूनच माणसाला होणारी. त्यामुळे 'माझ्यामुळेच बाबांना झाला' असे वाटणारी मुले मी माझ्या शाळेत पाहिली आहेत. अशा मुलाला 'तसे काही नाही' एवढे सांगून भागत नाही. विषाणू कसा पसरतो, लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही तो कसा जातो, त्या दिवसांत एकाच घरात तो किती वाटांनी येऊ शकत होता, हे फळ्यावर आकृती काढून सांगावे लागते. विज्ञानाचा तास कधी कधी या कामीही येतो.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील मे महिन्यात गेले होते. पहिल्याच दिवशी तो मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना दिसला, हसतही होता. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, 'याला काही वाटतच नाही हो.' मी त्याला बाजूला घेतले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, 'आता घरात तूच कर्ता. रडायचे नाही.' त्याने मान हलवली. पुढे दोन महिन्यांनी शाळेसमोरून रुग्णवाहिका भोंगा वाजवीत गेली, तेव्हा तो बाकावरून उठून वर्गाबाहेर पळाला आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. मी तिथे गेलो. तो थरथरत होता, पण रडत नव्हता. मीच त्याला रडू नको म्हणून सांगितले होते.

लहान मुलांचा शोक मोठ्यांसारखा दिसत नाही. मोठा माणूस दुःखाच्या नदीतून चालत असतो, तर मूल पावसाळ्यातल्या डबक्यात पाय घालते आणि बाहेर येते, पुन्हा घालते. रडणे आणि खेळणे यांत पाच मिनिटांचेही अंतर नसते. त्यावरून त्याला काही वाटत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे थर्मामीटर काखेत न लावताच ताप नाही म्हणण्यासारखे आहे. आणखी एक. मेलेला माणूस परत येत नाही, त्याचे शरीर चालायचे पूर्ण थांबते, आणि प्रत्येक जिवंत प्राणी कधीतरी मरतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात. त्याआधी 'आजोबा झोपले' किंवा 'गावाला गेले' असे सांगितले तर मूल झोपायला घाबरते, किंवा दारात वाट पाहत बसते. घरी धाकटे भावंड असेल तर त्याला सोप्या शब्दांत खरे सांगावे. 'आजोबा मेले. त्यांचे शरीर चालायचे थांबले. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे ते मेले नाहीत.' ऐकायला हे कठोर वाटते, पण मुलांना ते पेलते.

आता एक प्रसिद्ध समजूत. शोकाच्या पाच पायऱ्या असतात असे तुम्ही वाचले असेल. नाकारणे, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ साली त्या मांडल्या. पण ज्यांच्या बोलण्यावरून त्यांनी त्या मांडल्या ते रुग्ण स्वतःच मरणाच्या वाटेवर होते. मागे राहिलेल्यांना ही जिन्याची कल्पना नंतर चिकटवली गेली. पुढील अभ्यासात माणसे अशी क्रमाने पायऱ्या चढताना काही दिसली नाहीत. कोणाला राग येतच नाही. कोणी पहिल्या दिवशीच स्वीकारतो आणि सहा महिन्यांनी कोसळतो. 'तू अजून तिसऱ्याच पायरीवर आहेस' असे म्हणण्यात विज्ञान नाही.

त्यापेक्षा नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शुट यांनी १९९९ साली मांडलेली कल्पना मला अधिक पटते. ते म्हणतात, शोक करणारा माणूस दोन बाजूंच्या मध्ये झोके घेत असतो. एका बाजूला गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, फोटो पाहणे. दुसऱ्या बाजूला उरलेले व्यवहार : रेशनकार्डावरचे नाव, शेताची पेरणी, मुलांची फी, नवा स्वयंपाक शिकणे. काही वेळ इकडे, काही वेळ तिकडे. फक्त एकाच बाजूला अडकून राहिले तर अडचण होते. जो सतत रडत राहतो त्याचे जसे बिघडते तसेच जो एकदाही रडायला थांबत नाही त्याचेही बिघडू शकते. कबड्डी खेळणारा तो मुलगा झोक्याच्या एका टोकाला होता. मी त्याला दुसऱ्या टोकाला जायची बंदी केली.

हे वाचले तेव्हा मला आमच्याकडची जुनी रीत आठवली. खानदेशात मृत्यूनंतर दशक्रिया होते आणि मग गंधमुक्ती. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत तुम्ही हा शब्द वाचला असेल. ठरावीक दिवस घर शोकासाठी मोकळे असते. चूल शेजारी पेटवतात, भावकी येऊन बसते, कोणी काही बोलले नाही तरी चालते. मग एके दिवशी कपाळाला गंध लागते आणि माणूस व्यवहाराकडे वळतो. दुःख संपले असे कोणी मानत नाही. वर्षभर सण साधेपणाने होतात, आणि आखाजीला पुन्हा नाव घेतले जाते. या रीतींमध्ये टाकून देण्यासारखेही पुष्कळ आहे. विधवेला कोपऱ्यात बसवणे, कर्ज काढून जेवणावळ घालणे हे शोक हलका करत नाही, वाढवते. पण दिवस ठरलेले असणे, माणसे जमणे आणि नाव उच्चारणे या तीन गोष्टींत शहाणपण होते. हार्वर्ड विद्यापीठातील मायकेल नॉर्टन आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, काही ठरावीक कृती केल्यावर माणसांना दुःख थोडे आटोक्यात आल्यासारखे वाटले, आणि ज्यांचा अशा विधींवर विश्वास नव्हता त्यांनाही वाटले. प्रयोगशाळेतील दुःख आणि स्मशानातील दुःख यांत फरक आहे, तेव्हा यावर फार मोठा मजला चढवू नये. पण कोविडमध्ये काय हिरावले गेले ते यावरून कळते.

पॉलिन बॉस या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस मेला हे पक्के कळले तर शोक सुरू होतो. पक्के न कळले तर तो सुरूच होत नाही, अधांतरी राहतो. कोविडच्या मृत्यूची बातमी दवाखान्यातून फोनवर आली, देह गुंडाळलेला होता, चेहरा दिसला नाही, गंधमुक्तीला चार माणसे. 'तो तोच होता ना?' हा प्रश्न काही घरांत अजून जिवंत आहे. काही कुटुंबांनी निर्बंध उठल्यावर, वर्षभराने का होईना, भावकी बोलावून राहिलेला कार्यक्रम केला. खर्चाचा भाग सोडला तर मला ते योग्य वाटते.

इथपर्यंत आपण शोकाविषयी बोललो. आघात ही वेगळी गोष्ट आहे, जरी पुष्कळदा दोन्ही एकत्र येतात.

२२ जानेवारी २०२५ च्या सायंकाळी लखनौहून मुंबईला जाणारी पुष्पक एक्सप्रेस जळगाव जिल्ह्यात, पाचोरा तालुक्यातल्या माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान थांबली. डब्यात आग लागल्याची अफवा उठली होती, कोणीतरी साखळी ओढली, आणि घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. त्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत उत्तर प्रदेशातले आणि नेपाळचे मजूर होते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हाही डझनाहून अधिक माणसे गेली. अशा ठिकाणी मृतांच्या नातेवाइकांखेरीज आणखी एक वर्ग असतो : ज्यांनी ते पाहिले. बचावलेले प्रवासी, आजूबाजूच्या गावांतून धावत गेलेले लोक, पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक. त्यांचे कोणी गेलेले नसते, तरी रात्री त्यांची झोप उडते.

असे का व्हावे? पाव्लॉवच्या कुत्र्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. घंटा वाजवून अन्न दिले, असे पुष्कळदा केले की पुढे नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. भीतीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा करावे लागत नाही, एकदा पुरते. ब्रेकचा करकराट, जळका वास, रुग्णवाहिकेचा भोंगा यांपैकी काहीही त्या क्षणाशी जोडले गेले की पुढे तो आवाज ऐकताच अमिग्डाला वर्दी देतो. साधी आठवण ही 'तेव्हा, तिथे' अशी असते. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंगाला स्थळकाळाची चिठ्ठी लावतो. आघाताच्या क्षणी ही चिठ्ठी नीट लागत नाही असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. म्हणून ती आठवण 'आत्ता, इथे' अशी उसळते. पहिले काही आठवडे असे होणे सर्वसाधारण आहे आणि बहुतेकांचे ते आपोआप कमी होते. महिन्यानंतरही ते तसेच राहिले आणि माणूस कामधंदा करू शकेनासा झाला, तर तो विकार समजतात आणि त्यावर उपचार आहेत. १९८० साली त्याला मनोविकारांच्या अमेरिकन सूचीत स्वतंत्र नाव मिळाले.

उपचाराचे तत्त्व त्याच घंटेत आहे. घंटा पुन्हा पुन्हा वाजवली आणि अन्न दिले नाही, तर लाळ सुटणे कमी होते. जुने शिकणे पुसले जात नाही, त्याच्यावर नवे शिकणे बसते. जाणकार डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ रुग्णाला सुरक्षित जागी, त्याच्या चालीने, थोडे थोडे त्या आठवणीकडे नेतात. भोंगा वाजतो आणि काही वाईट घडत नाही, हे मेंदू शिकतो. पाण्याच्या टाकीमागे बसलेला तो मुलगा पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे सात-आठ वेळा गेला. आता भोंगा ऐकला की दचकतो, पण बाकावरच बसतो.

हे तज्ज्ञांचे काम आहे. हौसेने करायचे नाही. पूर्वी अशी समजूत होती की अपघातानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून काय काय पाहिले ते सविस्तर बोलायला लावावे, म्हणजे मन मोकळे होते. १९८० च्या दशकात ही पद्धत पुष्कळ देशांत पसरली. नंतर काटेकोर तुलना केल्या तेव्हा दिसले की अशा एका बैठकीचा उपयोग होत नाही, काहींना तर उलट त्रास होतो. म्हणून आता पहिल्या दिवसांत प्रथमोपचारासारखे साधे काम सांगतात. माणूस सुरक्षित आहे ना ते पाहावे. पाणी, पांघरूण, फोन द्यावा. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर खोदू नये. त्याच्या माणसांशी त्याची गाठ घालून द्यावी.

आपल्या देशात आपत्तीनंतर मनाचाही विचार पद्धतशीरपणे झाला तो प्रथम भोपाळमध्ये. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू पसरला. काही आठवड्यांनी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील आणि लखनौच्या मनोविकारतज्ज्ञांनी पाहणी केली. मनोविकारतज्ज्ञ तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा त्यांनी तिथल्या साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांनाच शिकवले की छाती-डोळ्यांबरोबर झोप आणि भीती यांचीही चौकशी करा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव भागात जवळजवळ दहा हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे माळवद अशा घरांनीच माणसे मारली होती. त्यानंतर कित्येकांना छताखाली झोपवेना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्या भागातील लोकांच्या मनःस्वास्थ्याचा काही वर्षे अभ्यास करवला. भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणले. शाळा, वेळापत्रक, घंटा, जेवणाची पंगत हे सारे नियमाने चालू होणे हेही मुलांच्या मनाला औषध असते. अर्थात घरच्या माणसांपासून आणि गावापासून दूर जाणे ही त्याची किंमत असते, आणि ती लहान नाही.

लिहिण्याने दुःख हलके होते काय, असे विद्यार्थी विचारतात. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखद प्रसंगाविषयी लिहिले. लिहिल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटले, पण पुढील महिन्यांत ती दवाखान्यात कमी वेळा गेली. पुढच्या प्रयोगांत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही, आणि ताज्या शोकात त्याचा फारसा उपयोग आढळला नाही. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी यांची आई १९१७ साली वारली. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. मध्ये पंधरा वर्षे गेली होती. जळगावच्या बहिणाबाई चौधरी तर लिहीत नव्हत्याच, जात्यावर आणि शेतात गात होत्या. प्लेगला त्या 'पिलोक' म्हणत. तरुणपणी आलेले वैधव्यही त्यांच्या ओव्यांत आले. त्या ओव्या मुलाने कागदावर उतरवून घेतल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. कोणाला लिहावेसे वाटेल, कोणाला गावेसे, कोणाला नुसते विहिरीवर जाऊन बसावेसे. वही समोर ठेवून 'लिही' असा आग्रह शिक्षकांनी धरू नये.

बहुतेक माणसे कसल्याही औषधाशिवाय सावरतात. लाटा येणे थांबत नाही, पण दोन लाटांमधले अंतर वाढते. साधारण दहांतील एकाचे मात्र तसे होत नाही. वर्ष उलटले तरी पहिल्या आठवड्याइतकीच तीव्र ओढ, जगण्यात अर्थ न वाटणे, कामात लक्ष नसणे असे चालूच राहते. अपघात, हिंसा अशा अवचित मृत्यूनंतर हे प्रमाण पुष्कळ जास्त असते. यालाही आता विकार म्हणून मान्यता आहे आणि त्यासाठी खास उपचारपद्धती आहे. मुलांच्या बाबतीत सहा महिने हीच मर्यादा धरतात. तुम्हाला स्वतःला, किंवा तुमच्या मित्राला असे होत असेल, आणि विशेषतः 'मीही मरावे' असे विचार येत असतील, तर थांबू नका. घरच्या किंवा शाळेतल्या एका मोठ्या माणसाला सांगा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ ही आहे. मित्राने 'कोणाला सांगू नको' म्हणून शपथ घातली असली, तरी ही एक शपथ मोडायची असते.

वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी सुट्टीनंतर परत आली, तर काय बोलावे हे सुचत नाही म्हणून मुले तिला टाळतात. तिला वाटते, आपल्यालाच काही लागण झाली आहे. 'तुझ्या आईविषयी कळले. मला वाईट वाटले' एवढे दोन वाक्यांत म्हणता येते. चुकलेल्या धड्यांची वही द्यावी. डबा शेजारी उघडावा. 'देवाने चांगल्यासाठीच केले' किंवा 'माझाही कुत्रा मेला होता' असे म्हणू नये. पुढे तिने आईची गोष्ट काढली तर विषय बदलू नये.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सूचना. फॉर्म भरून घेताना 'वडिलांची सही आणा' असे सरसकट म्हणू नये, 'पालकांची सही' म्हणावे. कोविडमध्ये आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली होती. वर्गातले कोणी त्यांपैकी असेल, तर त्याचे कागद पुरे आहेत की नाहीत हे एकदा विचारावे. कागदासाठी चार खेपा घालणे हाही शोकाचाच एक भाग होऊन बसतो. आणि हजेरीपटाच्या मागच्या पानावर अशा मुलांच्या घरच्या मृत्यूची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवावी. वर्षाने ती तारीख जवळ आली की लाट पुन्हा उंच होते, मुलगा अकारण चिडतो, गणिते चुकतात, आणि कारण त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. त्या आठवड्यात घटक चाचणी असेल तर त्याला ती पुढच्या आठवड्यात देऊ द्यावी.